गळ्याशी अडकलेला निरोप

१

घड्याळवाले आजोबा खुर्चीत बसल्या जागी गेले, तेव्हा त्यांच्या जाकिटाचं लाल बटण आत दाबलेलं होतं. एवढ्या एका गोष्टीवरून माझ्या मामाची नोकरी जायची वेळ आली.

कशी ते सांगते. आमचं गाव डोंगराच्या उतारावर आहे. रस्ता कमी, पायऱ्याच जास्त. डोंगर आडवा येतो म्हणून फोन इथे फक्त वेळ बघायला आणि फोटो काढायला. मग एक प्रकल्प आला आणि त्यांनी सगळ्यांना जाकिटं वाटली. दिसायला साधी, करड्या कापडाची. पण प्रत्येक जाकीट शेजारच्या जाकिटाशी बोलतं. माझ्या जाकिटातून निघालेला निरोप जवळच्या माणसाच्या जाकिटात उडी मारतो, तिथून पुढच्याच्या, असं करत थेट खालच्या दवाखान्यापर्यंत. तारा नाहीत, खांब नाहीत. माणसं हेच खांब. मामा म्हणायचा, "आता आम्ही कोट घातलेले खांब. कुत्र्यांना कळलं नाही म्हणजे मिळवली."

छातीवरचं बक्कल लावलं की जाकीट जागं, काढलं की झोपलं. बटणावर दोन टिचक्या मारल्या की 'येतोय' किंवा 'येतेय'. एक टिचकी म्हणजे 'ठीक'. आणि बटण जोरात आत दाबलं की 'मदत'. मग ते किल्लीशिवाय वर येत नाही. निरोप आला की मनगटाशी कफ थरथरतो, आणि प्रत्येक घराची थरथर वेगळी, त्यामुळे कोण बोलतंय ते कळतं.

आजोबांचं घर सगळ्यात वर, एकटं. त्याखाली पाण्याची टाकी, आणि तिथे पंपावर माझा मामा. त्याच्या खाली बेकरी, मग दवाखाना. म्हणजे साखळी साधी: आजोबा, मामा, बेकरीवाल्या काकू, दवाखाना. आणि त्या दिवशी दवाखान्यात नर्सच्या समोरच्या बाकावर कोण बसलं होतं माहितीये? आजी. आजोबांची बायको. डोळे दाखवायला गेली होती. मदतीची हाक खाली पोचली असती, तर नर्सबरोबर तिलाही लगेच कळली असती.

पोचली नाही. संध्याकाळी आजी वर आली, तेव्हा तिची पिशवी घेऊन मामा सोबत होता. दार दोघांनी मिळून उघडलं.

प्रकल्पाचे साहेब आले. त्यांनी किल्लीने बटण वर काढलं, जाकीट टेबलावर पसरलं, बक्कल लावलं आणि तपासलं. त्यांची निरोप पकडणारी पेटी लगेच वाजली.

"जाकीट ठणठणीत आहे," साहेब म्हणाले. "बटण दाबलेलं होतं, म्हणजे हाक निघाली. मग पुढचा माणूस जाकिटात नसणार."

सगळ्यांनी मामाकडे बघितलं. पंपाच्या खोलीत उकडतं म्हणून मामा बक्कल काढून जाकीट खुंटीला टांगतो, हे गावभर माहीत.

मामा एवढंच म्हणाला, "अंगात होतं. थरथरलं नाही."

शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये सभा बोलावली. मामाला ठेवायचं की काढायचं, हा एकच विषय.

२

गेल्या वर्षीपर्यंत मी वर्गात 'हजर' म्हणायचे, ते माझ्या बाकालाही ऐकू जायचं नाही. मग बाईंनी मला वक्तृत्व स्पर्धेत ढकललं आणि तेव्हापासून माझं तोंड जे उघडलंय, ते आईच्या मते मिटायचं विसरलंय. तर मी जेवताना जाहीर केलं, "हाक कुठे अडकली ते मी शोधून काढणार."

"आधी मोजे शोध," आई म्हणाली. "दोन पायांत दोन रंगांचे आहेत."

एरवी मामा यावर घास अडकेपर्यंत हसला असता. तो ताटाकडे बघत राहिला. तेव्हा मला प्रकरण खरं कळलं.

मी काही उगाच उड्या मारत नव्हते. मी शाळेच्या जाकीट-मंडळात आहे. आम्ही पेटी घेऊन घरोघर जातो, बक्कल बघतो, बटण बघतो. साहेबांनी आम्हाला शिकवलंय की यंत्र बटणात असलं, तरी जाकिटाचं तोंड कॉलरमध्ये असतं. कॉलरच्या वरच्या पदरात रुपेरी धागा विणलाय. निरोप तिथून बाहेर पडतो आणि तिथूनच आत येतो. गावाला वाटलेल्या चित्रात मात्र नुसतं बक्कल आणि बटण होतं. एकदा मी आणि माझी मैत्रीण पेटीसमोर गळ्यात गळा घालून उभ्या राहिलो, तर पेटी गपगार. साहेब हसले. "माणूस म्हणजे पाण्याचा माठ. निरोप त्यात बुडतो." आम्ही दोघी किती खिदळलो होतो.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी पंपावर गेले.

"या, फौजदारीणबाई," मामा म्हणाला. पण आवाजात जीव नव्हता.

"त्या दिवशी काहीच थरथरलं नाही?"

"थरथरलं ना. आजीचं 'येतेय' आलं, खालून. म्हणून तर पिशवी घ्यायला तिसऱ्या वळणापर्यंत उतरलो."

"हे साहेबांना सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, खिडकीतून दिसली असेल."

मी खिडकीपाशी जाऊन पाहिलं. समोर नुसता डोंगराचा कडा. पायरी एक दिसेल तर शपथ.

"आणि त्याच्या आधी? जाकीट खुंटीवर?"

"नाही ग." मग तो पंपाच्या चाकाकडे बघत म्हणाला, "मी रोज त्यांच्याकडे बुद्धिबळ हरायला जायचो. त्यांची थरथर मला झोपेतही ओळखू आली असती. पण आता सगळे एकच म्हणतायत. रात्री वाटतं, काढलंही असेल. माणसाला आठवतं का असलं काही?"

मला धडकीच भरली. नोकरी गेली तर दुसरी मिळेल. पण आपणच त्यांना मारलं असं मामाला पटायला लागलं, तर ते कुठून परत आणणार?

३

बेकरीवाल्या काकूंवर माझा संशय होता. भट्टीपाशी कोण जाकीट घालून उभं राहील?

"मी," काकू म्हणाल्या. "वाटलं तर हात लावून बघ, घामाने भिजलंय. माझी सासू अशीच पडली होती, कुणाला कळलं नाही. तेव्हापासून मी भाजून निघेन पण बक्कल काढणार नाही."

"मग आजीचं 'येतेय' तुम्हाला आलं होतं?"

"आलं की. ट्रे हातातून सुटता सुटता राहिला." त्या थांबल्या. "एक सांगू? दर वेळी तिच्या 'येतेय'ला वरून लगेच 'ठीक' येतं. ह्या दोघांचं पोरासोरांसारखं चालायचं. त्या दिवशी नाही आलं. म्हटलं, भांडले असतील."

म्हणजे निरोप खालून वर मामापर्यंत नीट गेला, आणि त्याच्यापुढे गप्प. संशयाची सुई सरळ वरच्या घराकडे वळली. आणि त्या दुपारी वरच्या घरात कोण जाऊन आलं होतं? टेम्पोदादा. आजोबांचा पुतण्या. ते घर विका म्हणून वर्षभर मागे लागलेला.

तो टेम्पोत पोती चढवत होता. मी कंबरेवर हात ठेवून उभी राहिले.

"दादा, तू त्या दुपारी वर गेला होतास."

"गेलो होतो. मग?"

"कशाला?"

"घर विका, खाली माझ्याजवळ राहायला या, हे सांगायला. काकांनी हाकलून लावलं. घरावर डोळा आहे म्हणाले." त्याने पोतं धाडकन टाकलं. "डोळा होता ग. पण त्यांच्या गुडघ्यांवर. त्या पायऱ्या चढताना त्यांचा श्वास कसा व्हायचा, ते तू ऐकलंयस का कधी?"

माझे हात आपोआप कंबरेवरून खाली आले. पण तपास म्हणजे तपास. "जाकीट अंगात होतं त्यांच्या?"

"होतं की. बक्कल लावून, साहेबासारखे बसले होते. मी तर विचारलं, काका, नवं मिळालं का? कॉलर एकदम कोरी करकरीत."

मी तिथेच थिजले. आजोबांना नवं जाकीट मिळालंच नव्हतं. मिळालं असतं तर आमच्या मंडळातूनच गेलं असतं. आणि साहेबांच्या टेबलावर मी जे जाकीट पाहिलं, त्याचे कफ उंदराने कुरतडल्यासारखे झिजलेले होते.

अदलाबदल! मला दुसरं काही सुचेचना. कुणीतरी जाकीट बदललं होतं!

४

मी पायऱ्या दोन-दोन करत वर गेले. आजी खिडकीपाशी बसली होती. डोळ्यांत औषध घातलेलं, म्हणून की कशामुळे, पाणी वाहत होतं. भिंतीवर आजोबांनी दुरुस्त केलेली घड्याळं टिकटिकत होती.

"आलीस? बरं झालं," ती म्हणाली. "ती पिशवी शाळेत देऊन टाक बाई. ह्यांचं जाकीट आहे. साहेबांनी परत पाठवलं. मला बघवत नाही."

मी हळूच पिशवीत डोकावले. झिजलेले कफ. कोरी कॉलर. दोन्ही एकाच जाकिटाला! माझी अदलाबदल तिथल्या तिथे फुस्स झाली.

"आजी, रागावू नका. त्या दिवशी तुमचं भांडण झालं होतं?"

"भांडण कसलं. सोबत चला म्हटलं दवाखान्यात, तुमचं पण छातीचं दाखवू. तर म्हणे, असल्या अवतारात मी चार लोकांत येत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या काचा पुसल्या ना, स्वतःवर डाग चालायचा नाही. मग एवढं करून दिलं रात्री बसून, तरी सकाळी म्हणे नाहीच येत. मी चिडून एकटी उतरले."

"आणि मग 'येतेय' पाठवलंत."

"पाठवलं. उत्तर नाही. म्हटलं, रुसलेत. म्हटलं, बसा रुसून." तिने पदराने डोळे टिपले. "आणि मुद्दाम बेकरीत थांबले ग. काकूशी इकडचं तिकडचं बोलत. थोडी वाट बघू देत म्हटलं."

मी पिशवी उचलली आणि निघाले.

५

बाहेर वारा सुटला होता. माझं जाकीट धुऊन वाळत घातलेलं, अंगात नुसता स्वेटर. टाकीपर्यंत येता येता दात वाजायला लागले, तेव्हा मी पिशवीतून आजोबांचं जाकीट काढलं आणि घातलं. आजोबा काही म्हणाले नसते.

मामा टाकीच्या कठड्याशी पाठमोरा उभा होता. सवयीने मी बक्कल लावलं आणि दोन टिचक्या मारल्या. येतेय.

मामा वळला नाही.

मी आणखी जवळ गेले, पुन्हा दोन टिचक्या. नाही. अगदी त्याच्या मागे जाऊन पुन्हा.

"मामा, काही थरथरलं?"

तो दचकला. "काय? नाही. कधी आलीस?"

बटण बिघडलं असेल म्हणून मी जाकीट काढलं, हातात लोंबतं धरून बक्कल लावलं आणि टिचक्या मारल्या. मामाचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने मनगट दुसऱ्या हाताने घट्ट धरलं.

"ही त्यांची आहे," तो पुटपुटला. "त्यांची थरथर."

पुन्हा अंगात घातलं: गप्प. काढलं: चालू. साहेबांनी ते टेबलावर पसरून तपासलं होतं! टेबल म्हणजे काही पाण्याचा माठ नव्हे. मी ते पुन्हा घातलं आणि या वेळी कॉलर दोन बोटांनी मानेपासून लांब ओढून धरून टिचक्या मारल्या. मामाचा कफ थरथरला. कॉलर सोडली. कफ गप्प.

मग मी ती कॉलर उलटून पाहिली. आतल्या, मानेला टेकणाऱ्या बाजूला जुना झिजलेला पदर होता, दशा निघालेला, आणि त्यात रुपेरी धागा चमकत होता. कुणीतरी कॉलर उसवून, पालथी करून, पुन्हा शिवली होती. टाके इतके बारीक की नख लावल्याशिवाय कळू नयेत. शिवताना चमकता धागा सुटलेला दिसला असणार. तोही जपून जागच्या जागी ओवला होता. तो कापून टाकला असता, तर साहेबांची पेटी वाजली नसती आणि मामाकडे कुणी बोट दाखवलं नसतं.

जाकिटाचं तोंड आजोबांच्या मानेवर दाबलं गेलं होतं. बाहेरचं 'येतेय' आत आलं नाही. आतली 'मदत' बाहेर गेली नाही.

"मामा, तू सुटलास!" मी उडीच मारली. "तू जाकिटात असतास, नसतास, काही फरक पडला नसता! हाक निघालीच नव्हती!"

मामाने उडी मारली नाही. त्याने त्या टाक्यांवरून अंगठा फिरवला.

"हा आजीचा हात आहे," तो म्हणाला.

एवढं करून दिलं रात्री बसून. माझी उडी तिथेच विरली.

"सांगू नकोस," मामा म्हणाला. "मी सभेत माफी मागून मोकळा होतो. पंप काय, कुठेही असतात."

"आणि रात्री? 'काढलंही असेल' असं म्हणत पडणार? आता तर तुला खरं माहितीये."

"मला माहितीये ना. पुरे की."

"गावाला नाही. आणि उद्या आणखी कुणी कॉलर उलटली तर?"

यावर मात्र त्याने जाकिटाची घडी घालून ते माझ्या हातात दिलं. फौजदारीणबाई जिंकल्या, आणि जिंकल्याचं एवढं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

६

शनिवारी सकाळी मी आरशासमोर भाषण पाठ केलं होतं. 'मान्यवर हो, चार माणसं, एक हाक' अशी झकास सुरुवात होती. वर आजीच्या दारात पोचले आणि त्यातला एक शब्द राहिला नाही.

"ये. जरा सुईत दोरा ओवून दे," आजी म्हणाली. "ते औषध घातल्यापासून मला दोन-दोन दिसतात."

मी ओवला. आणि ओवता ओवताच, खाली बघून, सगळं सांगितलं. कॉलरमधला धागा, माठ, टेबल, सगळं. कसं सांगितलं ते आठवत नाही. वक्तृत्वात शेवटचा नंबर आला असता.

आजीने ओवलेली सुई तशीच मांडीवर ठेवली. घड्याळं टिकटिकत होती. मला वाटलं, रडेल, नाहीतर मला बाहेर काढेल. मग तिने विचारलं, "म्हणजे माझं 'येतेय' ह्यांना मिळालंच नाही?"

"नाही, आजी."

"मग रुसले नव्हते."

"नाही."

तिने मान हलवली, एकदा, दोनदा, जणू कुणाला हिशेब पटवतेय. मग तिच्या तोंडून एक आवाज निघाला, तो मी लिहू शकत नाही. तिने स्वतःची बोटं दुसऱ्या हातात घट्ट आवळून धरली.

थोड्या वेळाने ती उठली. स्वतःचं जाकीट घातलं, बक्कल लावलं. "चल. तुझा मामा तिथे एकटा उभा असेल."

हॉल भरला होता. साहेब बोलायला उठले, तर आजी त्यांच्या आधी उभी राहिली.

"ह्यांच्या जाकिटाची कॉलर झिजली होती. मी ती उलटून शिवली. आम्ही शर्टाची कॉलर झिजली की उलटतो. चांगला कपडा टाकवत नाही. त्यामुळे हाक बाहेर पडली नाही. ह्या मुलीने शोधलं. तिच्या मामाचा काही दोष नाही."

साहेब म्हणाले, "आजी, पण कॉलर उसवायची नसते..."

"तुमच्या चित्रात कॉलर नव्हती, साहेब," आजी म्हणाली. आवाज चढवला नाही. साहेबांनी मान खाली घातली.

नर्स पुढे आली. "आजी, हाक पोचली असती तरी कदाचित..."

"कदाचित राहू दे, बाळ," आजी म्हणाली.

मामा भिंतीपाशी उभा होता. पहिल्यांदाच मी त्याला रडताना पाहिलं. टेम्पोदादाने त्याच्या खांद्यावर हात टाकला. मी खिशातला भाषणाचा कागद चुरगळला.

७

मामा पंपावर आहे. नवीन चित्रात कॉलर आहे, मोठी, लाल रंगात. आमचं मंडळ आता प्रत्येकाच्या मानेमागे हात घालून बघतं. गुदगुल्या होतात म्हणून लहान पोरं पळतात.

साहेबांना ते जाकीट पुराव्यासाठी हवं होतं. आजीने दिलं नाही. तिने मला दोरा ओवायला बसवलं, कॉलर उसवली आणि होती तशी लावली: झिजका पदर वर, दशा निघालेल्या. आता ते दाराजवळच्या खुंटीवर असतं. बक्कल लावलेलं, जागं.

परवा आजी डोळ्यांसाठी पुन्हा दवाखान्यात गेली होती. मी वर तिच्या घड्याळांना किल्ली देत होते. एकाएकी खुंटीवर खुडबुड झाली. आजोबांच्या जाकिटाची रिकामी बाही थरथरत होती, कफ भिंतीवर हलकेच आपटत होता. दोनदा. येतेय.

माझा हात बटणाकडे गेला. एक टिचकी मारली की झालं, 'ठीक'. पण ते उत्तर माझं नव्हतं. मी हात मागे घेतला.

बऱ्याच वेळाने पायऱ्यांवर मामाचा आवाज आला, आजीची पिशवी घेऊन तिला काहीतरी सांगत होता. ती धापा टाकत आत आली. खुंटीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आलं का ग?"

"आलं, आजी."

"बरं," ती म्हणाली, आणि स्वतःचं जाकीट काढून शेजारच्या खुंटीवर टांगलं. बक्कल तिने पुन्हा लावून ठेवलं.